आपट्याच्या काठाला टेकलेली फळी

मी फळी बोलतेय. होडीतून काठावर उतरायला टाकतात, ती. माझ्यावर बाईने पाय ठेवायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. का, ते विचारायचं नाही, हा त्याहून मोठा नियम.

रोशनीने एकदा विचारलं, तेव्हा ती अकरावीत होती. तिचा आजा दादू म्हणाला, "फली होडीच्या नालेवर टेकते. नालेवर आपन नारल फोडतो. तिथं बाईचा पाय लागाचा नाय. परत ईचारू नको."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तिथे मी टेकू लागले, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याआधीचं माझं आयुष्य गेलं पनवेलच्या मासळीबाजारात. दादूची बायको गंगाबाई मला विटांवर ठेवायची आणि माझ्यावर कोळंबी, बोंबील, निवट्या मांडायची. तिचा कोयता बसून बसून माझ्या मधोमध खळगा पडला. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती म्हणायची, "ताई, माझं तोंड नका बघू, मासा बघा. तोंड सुकलंय, मासा ताजा हाय." तिच्या हातांची ओल माझ्यात मुरली ती कायमची.

पुढे खाडीतली मासळी आटली, गंगाबाईचे गुडघेही गेले. घरात सगळे डोक्याला हात लावून बसले असताना रोशनी म्हणाली, "कामोठ्यात एवढ्या बिल्डिंगी झाल्यात. लोक रविवारी मॉलमध्ये नुसते फिरतात. त्यांना होडीने नेऊ. भरतीबरोबर पाताळगंगेतून आपटा गावापर्यंत वर, ओहोटीबरोबर परत." दादूने नाक मुरडलं, पण होडी रंगवली. मला परसातून उचललं, आडव्या पट्ट्या ठोकल्या, हळदकुंकू लावलं. झालं, मी पवित्र झाले. त्या दिवसापासून गंगाबाईलाही माझ्यावर बंदी.

आपट्याला होडी थांबायची ती पाणी चढलेलं असेपर्यंतच. पाणी उतरू लागलं की होडी गाळात बसते. तेवढ्या वेळात लोक गाव बघायचे. म्हणजे आधी टॉयलेट कुठे ते विचारायचे, मग मोबाइलला रेंज शोधायचे, एखाद्या बकरीबरोबर फोटो काढायचे आणि 'किती शांत आहे ना इथे' असं मोठ्याने ओरडून सांगायचे. पुरुष माझ्यावरून कोरड्या बुटांनी उतरत. बायका होडीच्या बाजूने, गुडघाभर चिखलात. एकजण म्हणाली, "किती ऑथेंटिक!" तिची एक चप्पल अजून त्या गाळात आहे.

रोशनी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हाच्या हिवाळ्यातली गोष्ट. कामोठ्याहून कुमुदताई आल्या, बरोबर त्यांचे यजमान कमलाकर. कुमुदताईंचे वडील आपट्याला मास्तर होते. लहानपणी त्यांनी गाव सोडलं ते होडीनेच, आणि त्यांची मैत्रीण मैना काठावर उभी राहून बघत होती. साठ वर्षांत पुन्हा भेट नाही. आता मुलाकडे कामोठ्यात राहायला आल्यावर त्यांनी रोशनीला फोनवर हे सगळं सांगितलं. रोशनीने आपट्यात मैनाला शोधून काढलं आणि कुमुदताईंना शब्द दिला, "तुम्ही या. काठावर मी उतरवते."

होडी टेकली. काठावर मैना उभी, डोक्यावर पोपटीचं मडकं. त्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास होडीपर्यंत येत होता.

"कुमे," ती ओरडली, "केवढी जाडी झालीस गं!"

"तू बोलू नकोस, तुझे दात कुठे गेले?"

दोघी हसल्या.

पुरुष उतरले. दादू मला उचलायला वाकला. कुमुदताईंनी बाजूच्या चिखलाकडे बघितलं, मग आपल्या गुडघ्याकडे. ऑपरेशन होऊन चार महिनेही झाले नव्हते.

"तू बस," कमलाकर काठावरून म्हणाले. "मी तिचा फोटो काढून आणतो."

"पानी उतरंल आता," सुकाणू धरून बसलेला तुळशीराम म्हणाला. "काय ते लवकर बोला."

"राहू दे गं रोशनी," कुमुदताई म्हणाल्या. "दिसली ना. इथूनच बोलते."

मैनाने मडकं उतरवून खाली ठेवलं. "गरम हाय अजून," ती म्हणाली. "थंड झाली का मजा नाय."

मी दोघींच्या मधे पडले होते. एवढंसं अंतर, माझ्या लांबीएवढं.

आता माझ्या कडा खचल्यात, एक पट्टी सुटलीय. मोडले की मला खुशाल चुलीत घाला. फक्त नव्या फळीला हळदकुंकू लावाल, तेव्हा जुना नियम लावू नका. का म्हणते, ते त्या दिवसाचं उरलेलं ऐकलंत की कळेल.

रोशनी चपला काढून माझ्यावर उभी राहिली. तिचं वजन मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"खाली उतर," दादू म्हणाला.

"आजी," रोशनीने मागे वळून विचारलं, "ही फळी कोणाची?"

गंगाबाई होडीत मागे, पाहुण्यांसाठी आणलेल्या भाताच्या टोपाजवळ बसली होती. ती सावकाश म्हणाली, "माझी. त्या खड्ड्यात माझा कोयता बसायचा."

"अगं मुली, त्यांची श्रद्धा आहे," कमलाकर म्हणाले. "मान ठेवावा माणसाने."

"काका, तुमचे बूट कोरडे आहेत. तुम्ही नका सांगू."

तिने कुमुदताईंचा हात धरला. कुमुदताईंनी पाऊल टाकलं, जराशा डगमगल्या, आणि त्यांची टाच नेमकी त्या खळग्यात येऊन बसली. मी घट्ट धरून ठेवली.

"रोशनी, फली उचल," दादूचा आवाज चढला. "शेवटचं सांगतो."

"नाही उचलणार, आजोबा. आज नाही, पुढच्या रविवारी पण नाही."

दादूने मला उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला. तुळशीराम पाण्याकडे बघू लागला. कमलाकर आपल्या बुटांकडे. कुमुदताई काठावर उतरल्या आणि मैनाने मडक्याचं तोंड उघडलं.