हरकतीची तारीख

सुलतान बाजारातल्या आमच्या दारावर तेलुगू नोटीस चिकटवलेली होती. सासरे नरहरराव तेलुगू वाचायचे, पण काचबिंदूनं त्यांची नजर गेली. मी दिवसभर तेलुगू बोलते, वाचता मात्र येत नाही.

"घरपट्टीची असेल," मी ठोकून दिलं.

"सरकारी कागद आहे. तारीख टाकून फायलीला लाव," ते म्हणाले. मी लावला.

महिन्यानं रस्ता रुंद करणारे आले आणि पुढच्या खोलीवर लाल रेघ मारली.

"नोटिशीतल्या सुनावणीला कुणीच आलं नाही. म्हणून सगळ्यांची संमती धरली," साहेब म्हणाला.

मला त्याचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा.

सासऱ्यांनी आयुष्यभर कचेरीत लोकांच्या हरकती नोंदवून घेतल्या होत्या. फाईल चाचपत ते हळूच म्हणाले, "साहेब, आम्ही दारात उभं राहून नोटीस वाचून दाखवायचो."