दिवसा न वाचलेला उतारा

"पुढे वाच," डेप्युटीसाहेब म्हणाले.

देवराम वाचीना. चौथ्या पुस्तकाचे पान समोर उघडे होते, बोट ओळीवर होते आणि बोटापुढे 'वाघ' हा शब्द होता. त्याआधीची दोन वाक्ये त्याने स्वच्छ, स्वल्पविरामांचा मान राखून वाचली होती.

"अडलास का?"

"नाय, साहेब."

"मग वाच की."

"तो शबद सोडून वाचू कं?"

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. दिल्लीत दरबार भरला त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जव्हारच्या शाळेत शिक्षकवर्गाच्या प्रवेशपरीक्षेसाठी शाळाखात्याचे हे साहेब संस्थानाबाहेरून आले होते. नियम छापील होते. सर्व उमेदवारांना उतारा एकच. गाळलेला शब्द ही चूक, आणि तीनपेक्षा अधिक चुका म्हणजे नापास. उतारा वाघाचाच असल्यामुळे तो शब्द ओळीआड येत होता.

भिंतीशी उभ्या असलेल्या टिपणीस मास्तरांना काही कळेना. मुंबईच्या कॉलेजात त्यांनी दोन वर्षे पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला होता. वडील वारल्यावर तो सुटला, आणि ते देवरामच्या पाड्याजवळच्या वांगणीच्या शाळेवर आले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत परीक्षेला बसण्याजोगा झालेला देवराम हा एकमेव. हाच उतारा त्याने त्यांच्यासमोर निदान वीस वेळा बिनचूक वाचला होता. प्रवेशाच्या अर्जासोबतचा निबंधही दोघांनी मिळून घडवला होता. "प्रजेच्या उन्नतीसाठी" असे मास्तरांनी सांगितले, तेव्हा देवरामने विचारले होते, "उन्नती म्हंजे?"

"वर जाणं."

"आमचा पाडा डोंगरावरच हाय, मास्तर. अजून किती वर?"

मास्तर हसले आणि ते वाक्य त्यांनी काढून टाकले. त्या जागी देवरामने स्वतःचे लिहिले: 'आमच्या पोरांना शाळेतली भाषा समजत नाही. मला दोन्ही समजतात.' निबंधावर साहेबांनी 'उत्तम' असा शेरा दिला होता. उरले होते फक्त वाचन.

"साहेब, क्षणभर," म्हणत मास्तर पुढे झाले. "देवराम, रोज वाचत होतास ना हे?"

"सांजचा वाचत होतो. तवा सगली घरी असत."

"कोण सगळी?"

"बा आन् फागी. आता ती राबाला गेलीत."

राब म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी तोडून आणायचा पालापाचोळा. त्या दिवसांत अख्खा पाडा सकाळपासून रानात असे. घरचे माणूस रानात असताना वाघाचे नाव घेतले की तो त्या माणसाकडे वळतो, असा तिथला समज होता. मास्तरांना हा समज ठाऊक होता. पण शिकवणी दिवे लागल्यावर चाले, तेव्हा सगळे घरी परतलेले असत. त्यामुळे अडचण कधी दिसलीच नाही. प्रयोगाची वेळ बदलली की निष्कर्ष बदलू शकतो, हे कॉलेजात शिकलेले मास्तर इथे विसरले होते.

ते हळू आवाजात म्हणाले, "अरे, रान कुठं, आपण कुठं! तुझा आवाज या खोलीबाहेरसुद्धा जात नाही."

"ठाव हाय."

"मग?"

"नाय जाणार आवाज. पन आज फागीला काय झालं त मी कोनाला इचारू, माज्यानं झालं कं नाय म्हून?"

विधान तपासण्याजोगे नव्हते, आणि बहिणीला पणाला लावून ते तपासायची देवरामची तयारी नव्हती.

"साहेब, दुसरा उतारा दिलात तर?"

"टिपणीस, उतारा बदलला तर ती परीक्षा कसली? बाकीच्यांनी काय म्हणावं?" साहेबांचा स्वर कठोर नव्हता.

"सांजेला वाचू कं, साहेब?" देवरामने विचारले. "सगलं वाचून दाखवतो."

"दुपारी माझी गाडी आहे, बाबा."

"त्याचं वय या सालापुरतंच बसतं, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेबांनी पुस्तक देवरामकडे सरकवले. "आणखी एकदा बघ. वाचतोस?"

देवरामने पानाकडे पाहिले. ओठ हलले, आणि मिटले. "नाय, साहेब."

साहेबांनी 'वाचन असमाधानकारक' असे लिहिले. "कारण लिहायला या तक्त्यात जागा नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

दोघे पायी परत निघाले. वांगणीच्या चढावर दिवस मावळला. पाड्यावर चुली पेटल्या होत्या. देवरामच्या अंगणात राबाचे भारे रचलेले होते. बाप पांड्या भाऱ्याला टेकून बसला होता, फागी केसांतला पाला काढत होती.

"झालास कं रं मास्तर?" तिने विचारले.

"नाय झालो."

"कं? इसरलास?"

"नाय." देवराम ओट्यावर बसला. "तुमी आलीत ना सगली?"

"दिसत नाय कं? डोले तिकडंच ठेवून आलास?"

त्याने चौथे पुस्तक उघडले आणि दाराशी उजेडात धरून तो उतारा पहिल्यापासून वाचू लागला. प्रत्येक ठिकाणी 'वाघ' म्हणाला, न थांबता, मोठ्याने. मास्तर अंगणात उभे राहून ऐकत होते. चूक नव्हती. एखादे वाक्य झाले की तो थांबे आणि तेच बापासाठी घरच्या बोलीत सांगे. बाप मान हलवी.

उतारा संपला. देवरामने पुस्तक मिटले.

"हां, मंग?" पांड्या पुढे सरकत म्हणाला. "फुडं सांग ना."