भागिरथीने लपवलेले दोर

विहीर खोदताना उडालेल्या सुरुंगात जालिंदरचा उजवा पाय गेला. नगरच्या दवाखान्यातून तो तीन महिन्यांनी कुबडीवर घरी आला आणि आईला म्हणाला, "मला आता जगायचं न्हाई." भागिरथीने त्याच दिवशी घरातले झाडून सगळे दोर कणगीत लपवले. गाईचं दावंही ठेवलं नाही, त्यामुळे गाय गावभर मोकाट फिरू लागली. लेकाला तर तिने पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही.

आठवड्याने त्याचा विहिरीवरचा जोडीदार सावळेराम आला आणि त्याला बैलगाडीत घालून विहिरीवर घेऊन गेला. भागिरथी शिव्या देत मागोमाग धावली. सावळेरामने काठावर रोवलेल्या पहारीला दोराचे दोन वेढे दिले, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं जालिंदरच्या हातात दिलं.

"तू सोडशील तसा मी उतरतो," तो म्हणाला.

दिवसभर भागिरथी लेकाच्या हातांकडे बघत बसली. दोराला एकदाही हिसका बसला नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा त्याच्या तळहातांना फोड आले होते. ती म्हणाली, "उद्या घरीच ऱ्हा."

"मग सावळ्याचा दोर कोन धरंल?"

भागिरथी उठली. कणगीतून दावं काढून तिने त्याच्या पुढ्यात टाकलं.

"आधी गाय बांध."