तळाची तिसरी फळी

होडी घ्यायची हे बायकोने ठरवलं, आणि समोर येईल ती होडी नापसंत करायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लहानपणी सुट्टीत मामाकडे जाऊन ती तलावावर शिडाची होडी चालवायला शिकली होती. थोरली मुलगी अकराची आणि धाकटा टिंगू सहाचा झाला, तेव्हा तिने जाहीर केलं, "आता आपली घ्यायची. जुनी चालेल, लहान चालेल, पण आपली." नवरा सुतार. दारं, टेबलं, कपाटं करायचा. लाकडाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हा होडी पारखायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं.

पहिली होडी मोठी होती, आत झोपायला जागा असलेली. तो म्हणाला, "ही पाण्यात ढकलता ढकलता चौघांच्या कंबरा मोडतील." खरंच होतं ते. दुसरी अरुंद, शर्यतीची. "हिच्यात बसून कुणी शिंकलं तरी कलंडेल." तेही खरं. तिसरीच्या शिडाची चाळण झाली होती आणि मालक शपथेवर सांगत होता की एकच उन्हाळा वापरलीय. तिन्ही वेळा दोष खरे निघाले, म्हणून बायकोला शंका आली नाही. थोरली तेवढी गाडीत म्हणाली, "बाबा होडी बघायला येतो की उणीदुणी काढायला?"

चौथी होडी एका निवृत्त नर्सबाईंची होती. तलावाकाठी त्यांचं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड. बाईंनी आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने मिळून दोन वर्षं खपून ती होडी स्वतः बांधली होती. "आता आमच्या दोघींचे मिळून चार गुडघे, त्यातला एकच धड," बाई म्हणाल्या. "पोराबाळांच्या घरी गेली तर बरं."

होडी बुटकी, रुंद, पोटाशी फुगीर. शिडाची आडवी काठी इतकी वर की फिरली तरी पोरांच्या डोक्याला लागू नये. दोऱ्या थोरलीच्या हाताला सहज येत होत्या. टिंगू आत शिरला आणि तळाशी आडवा झाला, तो उठायलाच तयार होईना. बायको सुकाणूवर हात ठेवून उभी राहिली. "ही चूक पोटात घालणारी होडी आहे," ती हळूच म्हणाली. "नवशिक्यांना अशीच पाहिजे."

नवरा गुडघ्यावर बसला. बोटाच्या पेराने एकेक फळी टकटक वाजवत गेला. सगळीकडून भरीव, स्वच्छ आवाज येत होता. सांधे असे बसवलेले की त्याच्या स्वतःच्या हातालाही ते तसे जमले नसते. शेडच्या उघड्या दारातून मागचं पाणी दिसत होतं. वारा सुटला होता आणि पाणी काठावर चुबुक चुबुक आपटत होतं.

"मग?" बायकोने विचारलं. सगळ्यांच्याच नजरा त्याच्यावर होत्या.

त्याने तळाच्या तिसऱ्या फळीवर अंगठा टेकवला. "इथे आतून कुजलंय. वरून कळत नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "नक्की?"

"वीस वर्षं लाकडातच गेलीत, बाई."

"मग असणारच," बाई म्हणाल्या. टिंगूला त्यांनी स्वतः हात देऊन बाहेर घेतलं.

पुढचे तीन-चार दिवस सुताराला जेवण गोड लागेना. चौथ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक खुर्ची घेऊन आलं. "टिकेल का हिचा पाय, की टाकून देऊ? तुम्ही म्हणाल तसं." तुम्ही म्हणाल तसं! हे वाक्य तो वीस वर्षं ऐकत आला होता. त्या दिवशी ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने खुर्ची तशीच कोपऱ्यात ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक तलाव गाठला.

शेडमध्ये होडी लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली होती. बाई स्टुलावर बसल्या होत्या, हातात करवत, केसांत भुसा. तिसऱ्या फळीला हातभर लांब भगदाड पाडलेलं होतं.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "तुम्ही अंगठा ठेवलात तिथे कापलं. काही दिसेना. म्हटलं, पुढे सरकलं असेल, म्हणून आणखी कापलं. आता तुम्हीच बघा." त्यांनी कापलेला तुकडा पुढे केला. लाकूड आतून टणक होतं आणि त्याला अजून ताज्या लाकडाचा वास येत होता.

सुताराने तुकडा परत त्यांच्या हातात दिला. "बाई, कुजलेलं काहीच नव्हतं. मी खोटं बोललो."

"का?"

"मला पोहता येत नाही."

बाईंचा आवाज चढला. "तुम्हाला पोहता येत नाही म्हणून धडधाकट पेशंटचं पोट फाडायला लावलंत मला? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आमच्या हातून एवढी मोठी चूक राहिलीच कशी, म्हणून बहिणीशी फोनवर भांडले. ती बिचारी रडली तिकडे!"

तो मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "नवी फळी मी बसवतो. तुमच्या बहिणीला फोनही मीच करतो."

"फोन आत्ता करा. माझ्यासमोर," बाई म्हणाल्या. "आणि बायकोला माहीत आहे का हे? नाही ना? मग आधी बायको, नंतर फळी."

संध्याकाळी स्वयंपाकघरात बायको ओट्यापाशी उभी राहून चौघांच्या पाण्याच्या बाटल्या विसळत होती. त्याने सगळं सांगितलं. पोहण्याचं सांगितल्यावर तिने नळ बंद केला.

"आणि तुझा कान? डॉक्टरांनी पाण्यात जायचं नाही म्हणून सांगितलं होतं तो?"

"कान ठणठणीत आहे."

"बारा वर्षं मी तुझ्यासाठी कापसाचे बोळे बाळगतेय! सहलीला जाताना पहिली वस्तू कुठली भरते मी? बोळे!" तिला हसू येत होतं आणि रडूही. "अरे, सांगायचं होतंस ना."

"पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची लाज वाटली. मग वाढतच गेलं." "आणि आता लाजेचं नाही. उद्या पोरं पाण्यात पडली तर तू उडी मारशील. मी काय करणार? होडीत बसून बघणार?"

बायको खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. हातातलं बाटलीचं झाकण तिने टेबलावर ठेवलं. "मला वाटलं तुला आमच्याबरोबर यायचंच नाहीये," ती म्हणाली. "प्रत्येक होडीला नाक मुरडत होतास. मला वाटलं, माझी हौस तुला पोरखेळ वाटते."

"छे गं."

"मग राहू दे होडी."

"फळी तर बसवायलाच हवी," तो म्हणाला.

पुढचे चार रविवार चौघंही त्या शेडमध्ये होते. त्याने जुन्या फळीच्या कापलेल्या कडा तिरप्या घासून घेतल्या, नवा तुकडा रंध्याने तासला, पाण्याला दाद न देणारा सरस लावून शिकंज्यात आवळला. थोरलीने पॉलिश पेपर घासून घासून बोटांची सालटं काढली. टिंगूच्या कामाचा उपयोग असा फारसा झाला नाही. बाई पहिल्या रविवारी फक्त कामापुरतं बोलल्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी चहा दिला. तिसऱ्या रविवारी बहीण आली, तिने सांध्यावरून नख फिरवून बघितलं, ते कुठेच अडकलं नाही, आणि ती सुताराला म्हणाली, "माणूस खोटारडा आहे, पण हात खरा आहे."

त्याच दिवसांत तो रोज सकाळी सातला पोहण्याच्या तलावावर जाऊ लागला. उथळ भागात त्याच्याबरोबर सहा-सात वर्षांची पोरं होती आणि ती सगळी त्याच्यापुढे गेली. शिकवणाऱ्या बाई वरून ओरडायच्या, "काका, तरंगायला काहीच करायचं नसतं! तुम्ही फार काम करताय!" तिसऱ्या आठवड्यात त्याने आडवी रुंदी पार केली. पाणी भरपूर प्याला, पण पाय टेकला नाही. घरी येऊन त्याने हे इतक्या वेळा सांगितलं, की थोरलीने कानांवर हात ठेवले.

बाईंनी सांगितलेल्या किमतीला होडी त्यांची झाली. मात्र बायकोने मामाचा नियम काढला. पहिल्या दिवशी लांब जायचं नाही. काठाजवळ, छातीभर पाण्यात, होडी आपणच मुद्दाम उलटवायची. "एकदा बुडून बघितलं की भीतीचं तोंड निम्मं बंद होतं," ती म्हणाली.

सुताराने चौघांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे तीन-तीनदा ओढून बघितले. दोघी बहिणी धक्क्यावर खुर्च्या टाकून बसल्या. वारा जेमतेम होता. बायकोने शीड ओढून धरलं, सगळे एका बाजूला झुकले, टिंगू किंचाळला, आणि पाणी कडेवरून आत आलं.

सुतार खाली गेला. हिरवं, गार पाणी. कानात घुर्र झालं. त्याने हात मारायला सुरुवात केली, तोवर जॅकेटने त्याला वर आणून सोडलंही होतं. नाकातोंडातून पाणी काढत त्याने आधी टिंगूला शोधलं. टिंगू कलंडलेल्या होडीच्या पोटाला चिकटून खिदळत होता. मग थोरली दिसली. ती इकडेतिकडे मान फिरवत होती, घाबरलेल्या आवाजात मोजत होती, "आई, टिंगू, मी... बाबा? बाबा कुठंय?"

"इकडे!" तो ओरडला. मग तिच्यापर्यंतचं चार हातांचं अंतर तो पोहून गेला. फार देखणं नव्हतं ते. पण पोचला. थोरलीने त्याच्या जॅकेटची कॉलर मुठीत धरली आणि सोडलीच नाही.

"आता सगळे तळातून बाहेर आलेल्या या मधल्या फळीवर वजन टाका," बायको पलीकडून म्हणाली. चौघं लोंबकळले. होडी कुरकुरली, हलली आणि पाणी गाळत सावकाश सरळ उभी राहिली.

"परत!" टिंगू म्हणाला.

सुताराने बायकोकडे बघितलं. तिचे केस चेहऱ्याला चिकटले होते आणि ती हसत होती.

"परत," तो म्हणाला.