करड्या रंगाचा ब्लॉक

सकाळी सव्वाअकराच्या सुमारास पहिला लायनर सुटला आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये भरलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी उसळून दादाच्या चेहऱ्यावर आलं. ते चटका बसण्याइतकं गरम होतं. गॉगल त्याच्या कपाळावर होता. वाफेने काच धुरकट होते, म्हणून त्याने तो नुकताच वर सरकवला होता.

दादा गॅरेजचा मालक. सगळा रस्ता त्याला दादाच म्हणतो. त्या वेळी गॅरेजात त्याच्याशिवाय फक्त त्याची धाकटी बहीण होती. लेथचं काम तिच्याकडे असतं. तिने त्याला कॉलर धरून गाड्या धुण्याच्या नळीपाशी ओढत नेलं. तो डोळे घट्ट मिटून बसला होता. तिने अंगठ्याने पापण्या उघडून पाणी सोडलं. त्याने तिला शिव्या दिल्या, ढकललं, एकदा हाताला चावलाही. तिने नळी सोडली नाही. शेजारच्या टायरवाल्याने टॅक्सी आणली, तेव्हा दोघे चिंब भिजलेले होते.

ते इंजिन ज्या गाडीचं, ती एका वकिलांची होती, त्यांच्या वडिलांच्या काळातली, बरीच वर्षं शेडमध्ये उभी. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती नळी म्हणजे लायनर. या इंजिनात ती नळी ब्लॉकमध्ये वेगळी बसवलेली असते आणि तिच्याभोवती थंडाव्यासाठी पाणी खेळतं. गाडी उभी राहिली की ते पाणी आटतं, गाळ साचतो आणि नळी बुडाशी गच्च धरते. इथे चारही धरल्या होत्या. डिझेलमध्ये भिजवून झालं, ब्लॉक उलटा करून लाकडी ठोकळ्यावरून घण मारून झाला. एकही लायनर जागचा हलला नाही.

तेव्हा दादाने आप्पांची रीत काढली. आप्पा म्हणजे या दोघांचे वडील. गॅरेज त्यांनीच उभं केलं. पाण्याच्या जागेत कॉस्टिक भरायचं, वरच्या भोकांना रबरी बुचं ठोकायची आणि पाणी आत असतानाच पुलरने, म्हणजे पाना फिरवून खेचणाऱ्या स्क्रूने, लायनर ओढायचा. इतर मेकॅनिक आधी पाणी काढून टाकतात. आप्पांचं म्हणणं होतं की ब्लॉक रिकामा केला की गाळ पुन्हा आवळतो. लायनर सुटला की पाणी बुडातून खालच्या ट्रेमध्ये पडतं. त्यांच्या हयातीत ते कधी वर आलं नव्हतं.

आप्पांनी ही रीत वापरली ते सगळे ब्लॉक बिडाचे होते. कॉस्टिक बिडाला काही करत नाही. ॲल्युमिनियमला मात्र ते खातं, आणि खाताना उष्णता आणि गॅस तयार होतो; भोकांना बुचं असली की तो आतच कोंडतो. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता. पण त्यावर करडा रंग होता. आप्पा आपल्या हाताखालून गेलेलं प्रत्येक इंजिन त्याच करड्या रंगाने रंगवत. तो रंग बघितला आणि दोघांनी गृहीत धरलं की हे घरचंच काम आहे, घरच्याच पद्धतीने होईल.

बहिणीला शंका आली होती. चेनपुलीवर उचलताना ब्लॉक फार सहज वर गेला. तिने विचारलं, हा बिडाचाच आहे ना? दादा म्हणाला की तिचं स्वतःचं वजन वाढलंय, म्हणून तिला बाकी सगळं हलकं वाटतं. तरी त्याने कपाटातून लोहचुंबक आणलं आणि ब्लॉकवर टेकवलं. ते टक्‌कन चिकटलं.

"झालं समाधान, बाईसाहेब?"

ती लेथकडे वळली. चुंबक त्याने लायनरच्या वरच्या काठावर टेकवलं होतं, आणि ब्लॉक कसलाही असला तरी लायनर बिडाचाच असतो. हे तिला दुपारी कळलं. गॅरेजला कुलूप लावायला परत आली, तेव्हा चुंबक तिथेच चिकटलेलं होतं.

कॉस्टिक भरल्यावर आतून खदखद ऐकू येऊ लागली. दादाने कान लावला आणि कसं गाळाला खातंय बघ, म्हणून खूश झाला. मग तो पुलरवर वाकून पाना फिरवू लागला.

हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लगेच धुतलं हे बरं झालं, नाहीतर आज बोलण्यासारखं काही उरलं नसतं. पण कॉस्टिक वर थांबत नाही, आत उतरत जातं. किती उतरलंय हे आत्ताच सांगता येणार नाही. वहिनी, म्हणजे दादाची बायको, बाकावर बसून होती. तिने नणंदेच्या हातावरचे दातांचे वळ बघितले आणि एकच विचारलं, "तू तिथेच होतीस ना?" नणंद हो म्हणाली. 

वकिलांचा फोन आला. गाडीचं नाव काढू नका, असं ते दोनतीनदा म्हणाले. दादाला मात्र इंजिनचीच काळजी होती. लायनरची बुडाची बैठक शाबूत आहे का, असं त्याने डोळ्यांवरच्या पट्टीखालून विचारलं. बहिणीने बघितली नाही म्हणून सांगितलं. तिने बघितली होती. ब्लॉकच्या आतल्या भिंतींची चाळण झाली होती.

शुक्रवारी सकाळी पट्ट्या काढल्या. डाव्या डोळ्याने त्याला खिडकी कुठे आहे ते सांगता आलं आणि समोर कुणीतरी उभं आहे हेही. मग डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकला, उजव्यासमोर बॅटरी धरली आणि उजेड दिसला की सांगा म्हणाल्या. बटण खटकन वाजलं.

"लागली," दादा म्हणाला. बॅटरी लागली होती.

त्यांनी ती खटकन विझवली. तो विझली म्हणाला. वहिनीने पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाई थोडा वेळ थांबल्या. बॅटरीवरचा अंगठा त्यांनी हलवला नाही; ती विझलेलीच होती.

"लागली," दादा म्हणाला. मग बहिणीच्या दिशेने मान वळवून, "बरोबर ना गं?"

बहिणीने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी बॅटरी खिशात टाकली, पट्टी पुन्हा बांधली आणि उद्या सकाळी परत बघू म्हणाल्या.