हरिकेनच्या पोटात

विमान कापडाचं असतं, यावर व्हेरॉनिकाचा काही केल्या विश्वास बसेना.

"युजीन, थापा मारू नकोस. लढाईतलं विमान, आणि कापडाचं?"

"अगं, पुढे पत्रा. मागे शेपटापर्यंत लाकडी पट्ट्या आणि वर ताणून शिवलेलं कापड," युजीन म्हणाला, आणि मग त्याची गाडी जी सुटली ती थांबेना.

गडी मूळचा वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्याचा मुलगा. उमेदीची वर्षं सांताक्रूझला विमानं दुरुस्त करण्यात गेली, आणि कॅनडात येऊन केंब्रिजच्या प्लांटमध्ये मोटारींना दारं बसवत राहिला. पोटापाण्याचं ठीक होतं, पण जीव कुढायचा. मग ग्वेल्फबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर काही हौशी मंडळी दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन नावाचं लढाऊ विमान पुन्हा उभं करताहेत असं त्याला कळलं, आणि त्याचे शनिवार तिकडेच जाऊ लागले. ग्रोसरी बायकोच्या, म्हणजे व्हेरॉनिकाच्या, गळ्यात पडली.

हरिकेन काही देखणं विमान नव्हे. पाठीला कुबड, नाक बोजड. मिरवायला ते त्याच्याच जोडीचं देखणं स्पिटफायर, त्याचीच चित्रं भिंतीवर. पण इंग्लंडवर बाँब पडत होते तेव्हा शत्रूची जास्त विमानं पाडली ती ह्या कुबड्याने, हे युजीन भेटेल त्याला ऐकवायचा. समुद्रात मालवाहू बोटींवरून त्याला दगडासारखं भिरकावत, आणि परत उतरायला जागाच नसल्यामुळे पायलट बिचारा पाण्यात उडी घ्यायचा. वाळवंटात त्याने रणगाडे फोडले, ब्रह्मदेशाच्या सीमेवर बाँब वाहिले. कापडातून गोळी आरपार गेली तर काय, एक भोक! ठिगळ लावायचं, वर डोप नावाचं उग्र वासाचं रोगण फासायचं, की पुन्हा आकाशात. आणि ह्यातली हजारावर विमानं इथेच, ऑन्टारिओतल्या फोर्ट विल्यमला बनली. ग्वेल्फच्या ह्या विमानाने मात्र लढाई पाहिलीच नव्हती. युद्ध संपल्यावर सस्कॅचेवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याने ते नटबोल्टांसाठी घेतलं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यात कोंबड्यांनी अंडी घातली.

हँगरची सगळी सूत्रं मॉरीनच्या हातात. हवाई दलातून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ, आणि हरिकेन उडवणार तीच. तिचा एकच नियम होता: विमानाच्या पोटात सुटी वस्तू राहता कामा नये. शेपटाकडे जाणाऱ्या तारांमध्ये साधा पेन अडकला, तरी वर गेलेला माणूस जिवंत खाली येत नाही.

हा नियम युजीनला तोंडपाठ होता. तरीही दोन हजार दहा सालच्या ईस्टरच्या आदल्या शनिवारी, मागच्या भागावर शेवटचं कापड शिवायचं होतं तेव्हा, त्याने खिशातून झावळीचा क्रूस काढला. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला, झावळ्यांच्या रविवारी, केंब्रिजच्या चर्चमध्ये मिळालेल्या पातीचा त्याने तो स्वतः विणला होता. वसईत त्याच्या बापाने होडीत क्रूस बांधल्याशिवाय ती कधी पाण्यात लोटली नव्हती. आणि इथे तर बाईमाणूस एकटी आकाशात जाणार! युजीनने मेणाच्या दोऱ्याने क्रूस आतल्या पट्टीला आवळून बांधला, तीन गाठी मारल्या, आणि कापड शिवून टाकलं. बोलला नाही कोणाला. बोलला असता तर मॉरीनने त्यालाच आत शिवला असता.

सप्टेंबर उजाडला. पहिलं उड्डाण शनिवारी ठरलं. बँड येणार होता, पेपरवाले येणार होते, आणि ऑर्व्हिल येणार होता. ऑर्व्हिल नव्वदीचा, इंफाळला हरिकेन उडवलेला पायलट. हृदय पार थकलं होतं. "तो आवाज एकदा ऐकू द्या, मग काय व्हायचं ते होवो," असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

गुरुवारी संध्याकाळी व्हेरॉनिका दारावरची धूळ पुसत होती. त्याच रविवारी विणून दारावर बांधलेला दुसरा क्रूस सुकून आक्रसला होता; फडका लागताच दोऱ्यातून निसटून तिच्या हातात आला.

"बघ, गाठ तशीच आहे आणि क्रूस मोकळा!" ती हसली.

युजीनने तो तिच्या हातून घेतला. बाप होडीतला क्रूस दरवर्षी का बदलायचा, हे त्याला आत्ता कळलं. विमानात त्याने ताजी पात आवळली होती. आता ती काडीसारखी झाली असणार. त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"पण कदाचित नसेलही सुटला," तो म्हणाला. "जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं तेव्हा काही झालं नाही. कापड फाडलं तर शनिवार गेला, व्हेरा. तो म्हातारा डोळे लावून बसलाय. आणि मला तर तिथे पुन्हा पाऊल ठेवू देणार नाहीत."

"उडवणार कोण?"

"मॉरीन."

"मग अजून इथे काय करतोयस?" व्हेरॉनिकाने गाडीची चावी त्याच्या हातावर आपटली.

मॉरीन हँगरमध्येच होती. युजीनने एका दमात सांगून टाकलं. तिने पातं त्याच्या हातात दिलं.

"काप."

स्वतः घातलेले टाके त्याने स्वतःच एकेक करून कापले. पट्टीवर दोरा होता, तिन्ही गाठी शाबूत. क्रूस नव्हता. मॉरीनने टॉर्च खाली फिरवला. तळाशी, शेपूट हलवणारी तार ज्या चाकावरून जाते त्याच्या अगदी कडेला, सुकलेला क्रूस पडला होता. मॉरीनने चाक आणि क्रूस यांच्यामध्ये बोटं धरून पाहिली.

"चार बोटं," ती म्हणाली. "चार बोटं, युजीन! चालता हो. आत्ताच्या आत्ता."

शनिवार रद्द झाला. पण ठिगळावर डोपचे थर चढून ते वाळेपर्यंत सोमवार उजाडला, आणि सोमवारी सकाळी फोन आला तो ऑर्व्हिलचा.

"आज उडवताहेत, मला न्यायला ये. तू आलास तर चालेल का, हे मॉरीनला विचारलंय मी. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही."

बँड नव्हता, पेपरवाले नव्हते. युजीनने व्हीलचेअर धावपट्टीच्या कडेला लावली आणि मान खाली घालून मागे उभा राहिला. मॉरीनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. इंजिन खोकलं, त्याने धूर ओकला, आणि मग ते असं गरजलं की जमीन हादरली. हरिकेन धावलं, उचललं गेलं, आणि मक्याच्या शेतांवरून वर वर चढत गेलं. ऑर्व्हिल रडत होता. विमान ढगाशी गेल्यावर तो बोलला.

"इंफाळला माझा एक दोस्त होता, टेड. टेकऑफ घेतलं आणि नाक खाली येईचना. विमान उभंच चढलं, आणि मग सरळ जमिनीवर. राखेत एक टॉर्च सापडला, मेकॅनिकचा. कोणाचा ते कोणी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही सगळे एका टेबलाशी जेवलो, आणि तो माणूस आमच्यातच होता. पासष्ट वर्षं मी एकेका चेहऱ्यावर संशय घेतोय." त्याने मागे हात करून युजीनचं मनगट पकडलं. "त्याला आदल्या दिवशी आठवलं असेल का रे? आठवूनही गप्प बसला असेल का?"

गुरुवारी युजीनही गप्प बसायच्याच बेतात होता.

हरिकेन उतरलं. मॉरीन खाली उडी मारून सरळ युजीनसमोर येऊन उभी राहिली. केस घामाने चिकटलेले, डोळे चमकत होते.

"मी अजून चिडलेली आहे," ती म्हणाली.

"हो."

"ख्रिसमसपर्यंत चिडलेली राहणार आहे."

"राहा."

"शनिवारी आठ वाजता ये. आणि दारातच खिसे रिकामे करायचे, कळलं?"

युजीनला शनिवारपर्यंत दम कुठला! त्याने तिथेच दोन्ही खिसे बाहेर ओढले. चाव्या, सुटे पैसे, रुमाल, अर्धी चघळून कागदात गुंडाळलेली पेपरमिंट, सगळं गवतावर पडलं. ऑर्व्हिल खो खो हसायला लागला. युजीन आपला खिशांची टोकं धरून तसाच उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.