खरवडलेली कड

व्हिसाच्या तपासणीला साहेब यायच्या आधी मामांनी वर्कशॉप दोनदा झाडलं, तेही स्वतःच्या हातानं. तेव्हाच मामींनी ओळखलं, की माणूस घाबरलाय. एरवी प्लास्टरच्या भुकटीत बूट रुतले तरी फिकीर न करणारा नवरा आज टेबलाच्या पायामागून झाडू फिरवत होता.

या परमुलखात दोघांची उमर गेली होती. पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाय बनवायचं त्यांचं हे छोटंसं वर्कशॉप. मामा पाय घडवत. मामी कागदपत्रं, फोन आणि गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांभाळत. आता मामांचे स्वतःचेच गुडघे कुरकुरू लागले होते. हाताखाली जाणता कारागीर हवा होता, आणि मायदेशी मामांच्या बहिणीचा, ताईंचा, मुलगा याच कामात मुरलेला. त्याला नोकरी द्यायची, त्याची हमी घ्यायची आणि व्हिसा काढून इकडे आणायचं, असं मामांनी ठरवलं. ठरवलं तेवढ्यावर थांबले असते तर बरं! "पक्कं समज," असं त्यांनी ताईंना सांगूनही टाकलं, आणि ताईंनी पोराला दुसऱ्याच दिवशी राजीनामा द्यायला लावला.

नियम मात्र वेगळाच होता. आधी इथल्या माणसांसाठी जाहिरात द्यायची. लायक कुणी मिळालंच नाही, तर बाहेरून आणायचं.

आणि लायक माणूस मिळाला. एक उंच बाई आली. मामांनी चाचणी म्हणून तिला सॉकेट करायला दिलं. उरलेली मांडी जिच्यात बसते ती वाटी. तिनं ती केली, आणि मामींनी कडेवरून तळहात फिरवून पाहिला. गाल टेकवावा इतकी गुळगुळीत! मामांनी "कळवतो" म्हणून तिला वाटेला लावलं आणि सरकारला कळवलं, की लायक कुणी नाही.

"अहो, साहेबांनी मला विचारलं तर?"

"तुला कशाला विचारतील? मी आहे ना बोलायला. तू आपली मूग गिळून बस."

"आणि त्या बाईचं काय?"

"तिला छप्पन्न ठिकाणं मिळतील. पोराची तिकडची जागा एव्हाना भरलीसुद्धा असेल. त्याला कोण विचारणार?" मामांचा आवाज खाली आला. "आईच्या माघारी ताईनं वाढवलंय मला. तिला काय तोंड दाखवू?"

मामींनी जिन्याकडे पाहिलं. वरच्या खोलीत भाच्याच्या छोट्या लेकीसाठी आणलेला पलंग अजून प्लास्टिकच्या वेष्टनात होता. गप्प बसण्यात खोटं कुठं आलं, असं सकाळी जपाला बसल्या असताना त्यांनी मनाला समजावलं होतं. मन ऐकल्यासारखं करत होतं, पण ऐकत नव्हतं.

तपासणीचा साहेब तरुण निघाला. सर्दीनं बेजार, पण बोलायला मऊ. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाला, "चाचणीचं काम ठेवलंय का?"

"ठेवलंय की!" मामांनी तत्परतेनं फळीवरचं सॉकेट काढून दिलं. "ही कड बघा. माणसाच्या मांडीत रुतली, तर जखमच."

साहेबानं बोट फिरवलं आणि झटक्यात मागे घेतलं.

मामींनी मान उंच करून पाहिलं. कडेला पांढरे, ताजे ओरखडे होते, सगळे उलट्या बाजूला कललेले. मामा डावखुरे. त्यांची कानस अशीच चालायची. गप्प बसणं वेगळं. कुणी पोटासाठी जीव ओतून केलेलं काम, आणि आपल्याच माणसानं ते रात्रीतून नासवून तिच्या नावावर खपवावं!

"म्हणजे नापास?" साहेब लिहीत होता.

"साफ."

साहेबानं मान वर केली. तो मामींकडे वळला. "बाई, अर्जावर सही तुमची आहे. तुम्हालाही हेच वाटलं?"

मामा बायकोकडे पाहत होते. त्या नजरेत दटावणी असती तर मामींना सोपं गेलं असतं. तिथं नुसती विनवणी होती.

"नाही," मामी म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की साहेबाला पुढं वाकावं लागलं. "ती बाई उत्तम होती. तिनं दिलं तेव्हा ही कड गुळगुळीत होती. मी हात फिरवला होता."

"मग अशी कशी झाली?"

मामींची नजर ओरखड्यांवर खिळली.

"मी घासली," मामा म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

साहेबानं वही मिटली. "अर्ज आजच मागे घ्या. मला जे दिसलं ते मी लिहिणार. यापुढं तुम्हाला बाहेरून कुणाला आणता येईल का, ते वरचे ठरवतील."

तो गेल्यावर मामा म्हणाले, "झालं समाधान?"

"नाही झालं."

"मग ताईला तूच सांग. हरिश्चंद्राची लेक ना तू!"

मामींनी ताईंच्या घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला भाच्यानं उचलला. "मामी! झालं ना काम?"

"नाही रे बाळा. माझ्यामुळे नाही झालं."

मामांनी उठून फोन हिसकावला. "तिचं ऐकू नकोस. माती मी खाल्ली. चांगली बाई आली होती, तिचं काम मी बिघडवून दाखवलं. पकडलो गेलो."

पलीकडून ताईंचा खणखणीत आवाज आला. "अरे, फोन स्पीकरवर आहे. सगळं घर ऐकतंय तुझे पराक्रम!"

"ताई, मी..."

"रडगाणं मागाहून गा. पोराची जागा भरली की नाही, ते मी आत्ता जाऊन मालकाच्या दारात बसून विचारते. लाज गुंडाळून ठेवते, काय करणार! आणि त्या बाईला घेतलंस का कामावर?"

मामांनी मामींकडे पाहिलं. "नाही अजून."

"मग कसली वाट बघतोयस? इकडं माझं पोर घरी बसलंय आणि तिकडं ती बाई. निदान एका घरची चूल तरी पेटू दे. तुझ्याशी मी नंतर बोलते."